हुंडा बुडाला, हक्क उरला

नमस्कार. माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया चांगलीच खरमरीत आहे, त्यामुळे नुसत्या ‘धन्यवाद’वर भागणार नाही. तुमचा आक्षेप थोडक्यात असा: स्पॅनिश वारसायुद्धाला (१७०१-१४, स्पेनच्या गादीवर कोण बसणार यावरून झालेलं) मी भाऊबंदकीचं भांडण करून टाकलं, खरी मारामारी व्यापाराची होती, नातीगोती हा नुसता बहाणा. आणि फ्रान्सचा चौदावा लुई एवढा अनियंत्रित राजा होता, तर त्याला दुसऱ्याच्या मृत्युपत्राची गरज काय?

आधी एक चूक कबूल करतो, जी तुमच्याही नजरेतून सुटली. ‘राज्य म्हणजे मीच’ हे वाक्य मी लुईच्या तोंडी घातलं होतं. तो असं म्हणाल्याचा समकालीन पुरावा नाही. काढून टाकलंय.

व्यापाराचा मुद्दा मान्य. स्पॅनिश अमेरिकेला गुलाम पुरवण्याचा मक्ता, म्हणजे आसिएन्तो, १७०१ मध्ये फ्रेंच कंपनीच्या पदरात पडला आणि लंडन-ॲमस्टरडॅमच्या पेढ्यांना घाम फुटला. १७१३ च्या उत्रेख्तच्या तहात तोच मक्ता इंग्रजांनी उपटला. हे लेखात यायला हवं होतं. पण म्हणून नातं बहाणा ठरत नाही. आपली मुंबईच घ्या ना. १६६१ च्या लग्नकरारात पोर्तुगालच्या कातरिनाबरोबर ती इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सकडे आंदण गेली, आणि १६६८ मध्ये त्याने ती वर्षाला १० पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. यात लग्न कुठे संपलं आणि धंदा कुठे सुरू झाला, सांगा बरं!

आता लुईच्या घरातलं. त्याची राणी मारिया तेरेसा ही स्पेनच्या चौथ्या फिलिपची मुलगी. १६५९ च्या पिरेनीजच्या तहात ठरलं की तिने माहेरच्या गादीवरचा हक्क सोडायचा आणि स्पेनने ५ लाख सोन्याच्या एस्कुदोंचा हुंडा द्यायचा. स्पेनची तिजोरी रिकामी. हुंडा आलाच नाही. झालं, फ्रेंच वकिलांनी तेच धरलं: हुंडा नाही तर हक्कसोडही नाही. सासरा वारल्यावर १६६७ मध्ये लुईने स्पॅनिश नेदरलँड्समध्ये (साधारण आजचं बेल्जियम) फौजा घुसवल्या, त्या ब्राबांट प्रांतातला खाजगी मालमत्तेचा कायदा पुढे करून. पहिल्या बायकोच्या मुलीचा वाटा दुसरीच्या मुलाच्या आधी, असा तो कायदा; मारिया तेरेसा पहिलीची, स्पेनच्या गादीवर आलेला कार्लोस दुसरीचा. हा बहाणाच होता, इथे मी तुमच्याच बाजूने.

१७०० मध्ये मात्र गोष्ट वेगळी झाली. स्पेनचा हाच निपुत्रिक राजा, कार्लोस दुसरा, १ नोव्हेंबरला वारला. मृत्युपत्रात सगळं साम्राज्य, न वाटता, लुईचा नातू फिलिप याला. फ्रान्सने नको म्हटलं तर तेच सगळं ऑस्ट्रियाच्या कार्लला. गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये लुईने इंग्लंड आणि हॉलंडशी स्पेनच्या वाटणीचा करार केला होता. बातमी फाँतेनब्लोच्या राजवाड्यात पोचली तेव्हा लुईची दुसरी बायको मादाम द माँतनाँ हिच्या दालनात मसलत बसली. नाकारलं तर जासूद थेट व्हिएन्नाला, आणि मग करारातल्या वाट्यासाठीही ऑस्ट्रियाशी लढायचंच. स्वीकारलं तरी लढाई. लुईने स्वीकारलं. एका मेलेल्या माणसाच्या कागदाने त्याला एवढं कोंडीत धरलं होतं.

आणि ‘अनियंत्रित’चं म्हणाल तर १७१२ बघा. वर्षभरात लुईचा मुलगा, नातू आणि मोठा पणतू गेले. फ्रान्सची गादी आणि स्पेनचा फिलिप यांच्यात उरलं दोन वर्षांचं एक पोर. दोन्ही गाद्या एकाच्या हाती जाऊ नयेत म्हणून इंग्रज अडून बसले: फिलिपने फ्रान्सवरचा हक्क सोडावा. लुईचा मंत्री तोर्सी याचं उत्तर ऐकण्यासारखं आहे. आमच्याकडचा वारसाक्रम देवाने घालून दिलाय, तो राजाला मोडता येत नाही, वारसाला सोडता येत नाही. असा हक्कसोड मुळातच रद्दबातल. इंग्रज मंत्री सेंट जॉन, म्हणजे पुढचा बोलिंगब्रोक, याने कळवलं की तुमचा तो समज असेल, आमच्या मते राजपुत्राला हक्क सोडता येतो. तोर्सीला यात सोय दिसत होती हे उघड आहे, पण युक्तिवाद त्याने हवेतून काढला नव्हता; तिथल्या कायदेपंडितांचं जुनं मत तेच होतं. शेवटी लुई वाकला आणि मार्च १७१३ मध्ये पॅरिसच्या पार्लमाँमध्ये (म्हणजे वरिष्ठ न्यायालयात, संसदेत नव्हे) हक्कसोड नोंदवला गेला.

कर लावायला, फौजा हलवायला, प्रांतात आपले अधिकारी बसवायला राजाचा शब्द चालायचा. (तिथेही पदं विकत घेतलेल्यांना हलवणं अवघडच.) ज्या गादीवर बसून तो हे करायचा, तिचं काय करायचं हे मात्र त्याच्या हातात नव्हतं. लुईने १७१४ मध्ये आपल्या अनौरस मुलांना वारसाक्रमात घुसवलं, वर मृत्युपत्र करून भावी रीजंटचे, म्हणजे बालराजाच्या वतीने कारभार पाहणाऱ्याचे, हात बांधले. १ सप्टेंबर १७१५ ला तो वारला, २ तारखेला पार्लमाँने मृत्युपत्र गुंडाळून ठेवलं. १७१७ मध्ये मुलांचा हक्कही गेला. बाल पंधराव्या लुईच्या नावे निघालेल्या त्या फर्मानात म्हटलंय की राजमुकुटाची विल्हेवाट लावता न येणं ही आमची ‘सुखद असमर्थता’ आहे.

आसिएन्तोचा परिच्छेद मूळ लेखात या आठवड्यात घालतो.