समुद्र उलटा फिरला म्हणून मालदांडी ज्वारी पेरायची नाही?

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'दक्षिण महासागराचा प्रवाह इतिहासात प्रथमच उलटला. तिथल्या पाण्याच्या सीमा शेकडो किलोमीटर सरकल्या. सीना नदीचा पूर त्यामुळेच. रब्बी गेली, ज्वारी पेरू नका.' एरवी असलं काही मी वाचतही नाही. पण मंगळवेढ्याच्या मामांनी त्यापायी पेरणी थांबवलीय.

अंटार्क्टिकाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे जाणारा प्रवाह सेकंदाला १३ ते १७ कोटी घनमीटर पाणी वाहून नेतो. जगातल्या सगळ्या नद्या मिळून याच्या शंभराव्या हिश्श्याएवढ्याही भरत नाहीत. त्याला पश्चिमी वारे ढकलतात आणि वाटेत आडवी जमीन नाही. तो उलटणार कसा?

आता, मेसेज अगदीच हवेतून आलेला नाही, हे नाइलाजाने मान्य. २०२५ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीच्या जर्नलात एक शोधनिबंध आला. त्याबद्दल बार्सिलोनाच्या संस्थेने काढलेल्या पत्रकातच 'प्रवाह उलटला' असं होतं. नंतर ते दुरुस्त केलं, पण दुरुस्ती कोण फॉरवर्ड करतो? मूळ निबंधात आहे ते असं: ५० अंश दक्षिण अक्षांशाच्या पलीकडे, अंटार्क्टिकाच्या बाजूला, पृष्ठभागाचं पाणी कित्येक दशकं गोडं होत होतं, ते २०१५ च्या सुमारापासून खारट होऊ लागलं. खारट पाणी जड, त्यामुळे थर सहज मिसळतात, खालची उष्णता वर येते, बर्फ वितळतो. उलटला तो खारटपणाचा कल. गोष्ट काळजीची आहेच, पण वेगळी.

सीमा सरकल्याचं म्हणाल तर आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचा २०१९ चा अहवाल सांगतो की आधीच्या वीस वर्षांत अंटार्क्टिकाभोवतीचा हा प्रवाह सरासरीने दक्षिणेला सरकल्याची शक्यता कमीच.

आणि सीना? तो ५० अंशांचा पट्टा सोलापूरपासून साडेसात हजार किलोमीटरवर. मोसमी वारे दक्षिण गोलार्धातून येतात हे खरं, पण ते ३० अंशांच्या आसपासच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून. पूर आला तो वर खोऱ्यात धो-धो कोसळला आणि धरणांतून पाणी सोडलं म्हणून. माढ्यात कुणालाही विचारा.

राहिली ज्वारी. खरा संताप इथे येतो. रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते, आणि यंदा ओल हवी तेवढी आहे. वाफसा आला, म्हणजे रान पेरण्याजोगं सुकलं, की पेरायचं. पेरणी लांबवली की दाणा भरायच्या वेळी ओल तुटते, कणीस पोचट राहतं, कडबा बसका होतो. जनावरांना मग काय हा मेसेज घालायचा?