भीती वाटतीय म्हणणाऱ्या पोरीला ‘नाटकं करतीय’ म्हणू नका

परवा क्लासवरनं येताना रंकाळ्याजवळ गाडीवर मागं बसलेली माझी लेक एकदम म्हणाली, "आई, मला उद्यापास्नं जिम्नॅस्टिकला जायचं नाही." अकरा वर्षांची आहे, सहाव्या वर्षापासून जातीय, मी गाडी बाजूला घेतली, बघितलं तर तळहातावरची पांढरी पावडर घामानं भिजून गोळा झालेली, आणि ती नुसती हात चोळत बसलेली.

कारण मला माहीत होतं. बीमवरचं बॅक वॉकओव्हर. बीम म्हणजे तोल सांभाळत कसरत करायची अरुंद पट्टी, 5 मीटर लांब, 10 सेंटिमीटर रुंद आणि 125 सेंटिमीटर उंच, त्यावर मागं वाकून उलटं जायचं, कुठं हात टेकणार ते आधी दिसत पण नाही. गेल्या वर्षी सहज करायची. आता हात वर करती, श्वास घेती, थांबती, परत हात वर, परत थांबती, सात-आठ वेळा असं झालं की डोळे भरतात.

पालकांच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, नाटकं आहेत ही. मला लय लागलं ते. आपल्या कोल्हापुरात ईर्षेला पेटणाऱ्याचं कौतुक असतं, असावं पण, तालमीची माती आहे ही. पण मागं डोकं टाकताना मन कचरलं तर पाय चुकतो आणि सगळं मनगटावर नाहीतर मानेवर येतं, तिथं ईर्षा काय करणार? वर्षात ती सात सेंटिमीटर वाढली, हातपाय लांब झाले की शरीराचा जुना अंदाज चुकतोच, आणि पडलं तर काय होईल हे सातव्या वर्षी डोक्यात येत नाही, अकराव्या वर्षी येतं.

अमेरिकेची जिम्नॅस्ट सिमोन बाइल्स, तिनं 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकला हवेत अंदाज येईना म्हणून टीम फायनल मधेच सोडली. मग शेवटी बीमला परत आली ती उतरतानाची गिरकी काढून, सोपं करून, आणि ब्राँझ घेऊन गेली. सोपं करणं म्हणजे हार नव्हे हे मी लेकीला तिचा व्हिडिओ दाखवून सांगितलं.

सरांशी बोललो. आता आधी फ्लोअरवरच्या रेषेवर, मग जमिनीलगतच्या बीमवर, मग मोठ्या बीमखाली मॅट रचून सर पाठीला हात लावतात. ती म्हणेल तेव्हाच हात काढायचा. "आज केलंस का?" हे मी विचारायचं बंद केलंय, जेवलीस का एवढंच विचारते. आमिष नाही, धमकी नाही.

आणि सोडायचं म्हणशील तर सोड, पण रडवेल्या दिवशी ठरवायचं नाही, दिवाळीच्या सुट्टीनंतर शांतपणे ठरवू असं आमचं ठरलंय. तेव्हा पण नको म्हणाली तर मी स्वतः तिच्याबरोबर सरांना सांगायला जाणार, पेढे घेऊन जाणार, पाच वर्षं शिकवलंय त्यांनी तिला.