मुद्द्याला नंबर द्या, आणि दिलेला नंबर बदलू नका
सोसायटीची नोटीस असो, ऑफिसचं सर्क्युलर असो नाहीतर माहिती अधिकाराचा अर्ज, आपल्याकडे सगळं एका दमात लिहून काढतात, दोन पानं सलग मजकूर, आणि मग मीटिंगमध्ये "ते पार्किंगचं लिहिलंय ना, त्याच्या जरा खाली" असं करत जो तो वेगळीच ओळ वाचत बसतो. अहो नुसता आकडा टाका! माहिती अधिकारात तर फारच कामाला येतो, प्रश्न सुटे करून नंबर घातले की कुठल्याचं उत्तर टाळलंय ते लगेच दिसतं आणि पहिल्या अपिलात "प्रश्न ३ ची माहिती मिळाली नाही" एवढं लिहिलं तरी पुरतं.

पण मला जास्त कळकळीने सांगायचंय ते पुढचं. कागद एकदा लोकांच्या हातात गेला की मधेच नवा मुद्दा घुसवून खालचे आकडे सरकवू नका. वर्डमधलं ऑटो नंबरिंग हे आपोआप करतं, ७ चा ८ होतो, आणि हाताने टाइप केलेलं "मुद्दा ७ पाहा" तसंच राहतं, मागच्या ठरावातला संदर्भही भलतीकडेच जातो.

आपली राज्यघटना बघा ना. मूळ कलमं ३९५, नंतर केवढी भर पडली, तरी शेवटचा आकडा आजही ३९५च. शिक्षणाचा हक्क २००२ च्या दुरुस्तीने आला तो २१ च्या मागे २१ए म्हणून बसवला, खालचं २२ जागचं हललं नाही. १९७८ च्या दुरुस्तीत मालमत्तेचं कलम ३१ काढलं पण म्हणून ३२ ला वर सरकवलं नाही. सहकारी संस्थांची कलमं तर २४३झेडएच पासून आहेत, दिसायला विचित्र, पण त्यांच्यासाठी खालचा एकही आकडा सरकवला नाही, आणि मला हे फार थोर वाटतं.

आकडे बदलले की काय होतं ते सध्या कोर्टात दिसतंय. १ जुलै २०२४ पासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, खुनाचं ३०२ गेलं आणि १०३ आलं. नवा कायदा म्हटल्यावर नवे नंबर येणारच, पण आधीच्या गुन्ह्यांना जुनंच कलम आणि जुने निकाल सगळे ३०२ चे, त्यामुळे वकिलांना दोन्ही आकडे जवळ ठेवावे लागतात.

आणि ४.२.१.३ असली उतरंड नको, दोन पायऱ्या बास. मुद्दा रद्द झाला तर नंबर तसाच ठेवून समोर "वगळला" लिहा, नवा आला तर ७अ करा. सोसायट्यांच्या सचिवांनी निदान इतिवृत्तात तरी एवढं कराच.