बारा वर्षे राहिला म्हणून भाडेकरू घराचा मालक होत नाही

माझ्या आत्याच्या फ्लॅटमध्ये एक शिक्षक दांपत्य अकरा वर्षांपासून भाड्याने राहते. भाडे दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत तिच्या बँक खात्यात जमा होते, करार वेळच्या वेळी नव्याने नोंदवला जातो आणि तिच्या घरखर्चाचा मोठा भाग त्या भाड्यावरच चालतो. असे असताना तिने नुकतेच त्या कुटुंबाला महिनाभरात घर रिकामे करायला सांगितले, कारण व्हॉट्सॲपवर आलेला एक संदेश वाचून बारावे वर्ष उलटले की घर हातचे जाणार अशी तिची खात्री झाली होती. तोच मजकूर थोड्याफार फरकाने अनेक गटांतून फिरत आहे, आणि त्याने घाबरणारे बहुतेक लोक एकच घर असलेले, वयस्कर आणि भाड्यावर अवलंबून असलेले आहेत. म्हणून त्याला मुद्द्यावार उत्तर देणे मला भाग वाटते.

संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये निकाल दिला की सलग १२ वर्षे राहणारा भाडेकरू घराचा मालक होतो. त्याच्या नावावर वीजबिल किंवा रेशनकार्ड असेल तर त्याचा दावा आणखी पक्का होतो. राखणदार आणि आश्रयाला ठेवलेले नातेवाईक यांनाही हाच नियम लागू आहे. सरकारी जमिनीवर अतिक्रमण करणारे १२ वर्षांनी मालक झाले ते याच नियमामुळे. आणि यातून वाचायचे असेल तर भाडे रोखीने घ्यावे, पावती देऊ नये, करार नोंदवू नये आणि वेळ आली तर वीज-पाणी तोडून भाडेकरूला बाहेर काढावे.

ज्या निकालाचा आधार घेतला आहे, तो खरोखरच आहे. रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर या प्रकरणात ७ ऑगस्ट २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने तो दिला. खंडपीठापुढचा प्रश्न मात्र नेमका आणि मर्यादित होता. दुसऱ्याच्या जमिनीवर मालकाविरुद्ध उघडपणे १२ वर्षे कब्जा ठेवल्यामुळे ज्याचा हक्क तयार झाला आहे, त्याला स्वतः वादी म्हणून न्यायालयात येता येईल का, की मालकाने दावा लावल्यावर केवळ बचावापुरतेच ते म्हणणे मांडता येईल? २०१३ च्या एका निकालात असा कब्जा फक्त ढाल म्हणून वापरता येतो असे म्हटले होते. २०१९ च्या निकालाने तो तलवार म्हणूनही वापरता येतो असे ठरवले. म्हणजे बदल झाला तो दावा कोणी आणायचा याबाबत. विरुद्ध कब्जा कशाला म्हणायचे, त्याच्या अटी कोणत्या आणि तो कोणाला सांगता येत नाही, यांत कोणताही बदल झाला नाही. भाडेकरू १२ वर्षांनी मालक होतो असे वाक्य त्या निकालात नाही आणि त्यातून तसा अर्थही काढता येत नाही.

या अटी समजून घेतल्या की संदेशाचा पायाच ढासळतो. मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ६५ नुसार मालकी हक्काच्या आधारे स्थावर मिळकतीचा ताबा परत मिळवण्याच्या दाव्याला १२ वर्षांची मुदत आहे, आणि ही मुदत प्रतिवादीचा कब्जा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून मोजली जाते. तो मिळकतीत राहायला आला त्या दिवसापासून ती मोजली जात नाही. मुदत संपेपर्यंत मालकाने दावा लावला नाही, तर कलम २७ नुसार त्याचा हक्कच संपुष्टात येतो. विरुद्ध कब्जा म्हणजे मालकाचा हक्क नाकारून, लपवाछपवी न करता, शांततेने आणि अखंड ठेवलेला कब्जा. कर्नाटक वक्फ मंडळ विरुद्ध भारत सरकार या २००४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असा कब्जा सांगणाऱ्याला काय काय सिद्ध करावे लागते ते स्पष्ट केले आहे: तो कोणत्या तारखेला कब्ज्यात आला, त्या कब्ज्याचे स्वरूप काय होते, समोरच्या पक्षाला त्याची माहिती होती का, कब्जा किती काळ टिकला आणि तो उघड व निर्वेध होता का. ही सिद्धता त्यानेच करायची असते, मालकाने नव्हे.

आता आत्याच्या भाडेकरूला हेच प्रश्न विचारून पाहावेत. तो कोणत्या तारखेपासून आत्याचा हक्क नाकारून राहत आहे? अशी तारीख त्याला सांगता येणार नाही, कारण प्रत्येक नव्या करारात त्याने तिला मालक म्हणून लिहून देऊन सही केली आहे, आणि तिच्या पासबुकात दर महिन्याला पडलेली भाड्याची नोंद त्याने तिची मालकी पुन्हा मान्य केल्याचा पुरावा आहे. परवानगीने सुरू झालेला ताबा केवळ वर्षे लोटल्याने विरुद्ध होत नाही, मग ती वर्षे बारा असोत वा चाळीस. शिवाय भाडेकरू म्हणून आत आलेल्या माणसाला, भाडेनाते चालू असताना, ते सुरू झाले तेव्हा घरमालकाला त्या मिळकतीत हक्क होता हे नाकारता येत नाही. हा नियम १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम ११६ मध्ये होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १२२ मध्ये तो कायम आहे. लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यालाही तो लागू आहे.

संदेशातील सर्वांत घातक भाग म्हणजे रोखीने भाडे घेण्याचा आणि करार न नोंदवण्याचा सल्ला. चुकीच्या माहितीने माणूस घाबरतो, पण या सल्ल्याने तो स्वतःचे नुकसान स्वतःच्या हाताने करून घेतो, म्हणून याबद्दल मला संताप आहे. घरमालकाचे सर्वांत मोठे संरक्षण म्हणजे समोरचा माणूस आपल्या परवानगीने राहत असल्याचा पुरावा. पावती नाही, बँकेतली नोंद नाही, करार नाही, अशी स्थिती मालकाने स्वतःच निर्माण केली, तर उद्या तोच माणूस 'मी कोणाचा भाडेकरू नव्हतो, मी स्वतःच्या हक्काने राहत होतो' असे म्हणू लागला तर मालकाच्या हातात दाखवायला काय राहते? विरुद्ध कब्ज्याचा दावा ज्या रिकाम्या जागेत उभा राहू शकतो, ती जागा हा सल्ला तयार करून देतो. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे आणि ती टाळल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. इतकेच नव्हे, तर असा करार नसेल तर अटी-शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि ते खोटे असल्याचे मालकाला सिद्ध करावे लागते. याउलट राहण्यासाठी दिलेल्या जागेचा लेखी लीव्ह अँड लायसन्स करार असेल, तर मुदत संपल्यावर मालकाला दिवाणी न्यायालयात वर्षे घालवावी लागत नाहीत. कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतरही जागा न सोडणाऱ्याला दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. हा मार्ग ज्या कागदामुळे खुला होतो, नेमका तोच कागद करू नका असे हा संदेश सांगतो.

वीज-पाणी तोडण्याचा सल्लाही तसाच. अत्यावश्यक सुविधा तोडण्यास त्याच अधिनियमाच्या कलम २९ ने मनाई केली आहे. कुलूप बदलून सामान बाहेर काढले, तर विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम ६ खाली बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारातही घेतला जात नाही. म्हणजे ज्याचा हक्क निर्विवाद आहे असा मालक स्वतःच्याच घराबाबत प्रतिवादी होऊन बसतो.

वीजबिल, रेशनकार्ड आणि आधारवरचा पत्ता यांबाबत फार बोलायची गरज नाही. त्यांतून माणूस तिथे राहतो एवढेच दिसते, आणि राहतो हे तर मालकालाही मान्यच असते. राखणदार आणि नोकर यांच्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये गोव्यातल्या मारिया मार्गारिदा फर्नांडिस यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की राखणदार, पहारेकरी किंवा नोकर कितीही वर्षे राहिला तरी त्या ताब्यातून त्याला मिळकतीत हक्क मिळत नाही. प्रेमाखातर ठेवून घेतलेल्या नातेवाइकालाही हेच तत्त्व लागू होते.

सरकारी जमिनीबाबत तर आकडाच चुकला आहे. सरकारने आणायच्या दाव्याला अनुच्छेद ११२ नुसार ३० वर्षांची मुदत आहे. झोपडपट्टीवासीयांना मिळणारे संरक्षण या १२ वर्षांतून आलेले नाही. ते १९७१ च्या महाराष्ट्र झोपडपट्टी अधिनियमातून आणि त्यात ठरवलेल्या १ जानेवारी २००० या तारखेतून येते, आणि तो हक्क पुनर्वसनाचा आहे, व्यापलेल्या जमिनीच्या मालकीचा नाही. गरिबांविषयीचा राग वाढवण्यासाठी दोन वेगळे कायदे एकत्र केले गेले आहेत, हे मला विशेष आक्षेपार्ह वाटते. दुसऱ्याची जमीन बळकावून नंतर विरुद्ध कब्जा सांगण्याचा मोह सरकारलाही झालेला आहे. हिमाचल प्रदेशात विद्या देवी या निरक्षर विधवेची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी मोबदला न देता घेतली गेली, आणि पुढे तिने दाद मागितल्यावर राज्याने विरुद्ध कब्ज्याचा बचाव घेतला. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, ती ८० वर्षांची असताना, तो बचाव फेटाळून मोबदला देण्याचा आदेश दिला.

तरीही ही भीती निव्वळ हवेतून आलेली नाही, हे मला मान्य करावे लागते. महाराष्ट्रात राहणाऱ्याचा किंवा कसणाऱ्याचा हक्क कायद्याने एका रात्रीत वाढल्याचे अनेक कुटुंबांनी पाहिले आहे. १९४८ च्या कुळकायद्यानुसार १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे त्यांनी कसलेल्या जमिनीचे खरेदीदार मानली गेली. मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात १९७३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू लायसन्सवर राहणाऱ्यांना भाडेकरूचा दर्जा मिळाला, आणि कित्येक मालकांना आपली खोली पुन्हा कधी हाती आली नाही. घरोघरी सांगितल्या जाणाऱ्या 'जागा दिली आणि गेली' या गोष्टींचे मूळ बहुधा तिथे आहे. पण ते त्या त्या कायद्यांनी, ठरावीक तारखेला, जाहीरपणे केलेले बदल होते. त्यांचा या १२ वर्षांशी संबंध नाही. दुसरे असे की भाडेपट्टा रीतसर संपवल्यानंतर भाडेकरूकडून ताबा मागण्याच्या दाव्यालाही अनुच्छेद ६७ नुसार १२ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे नाते संपवून स्वस्थ बसणाऱ्या मालकाला धोका आहेच. आणि स्वतः सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये हेमाजी वाघाजी जाट प्रकरणात विरुद्ध कब्ज्याचा कायदा तर्कविसंगत ठरवून केंद्राला फेरविचार सुचवला होता. मात्र विधी आयोगाने २०२३ च्या २८० व्या अहवालात बदलाची शिफारस केली नाही, त्यामुळे तो आजही लागू आहे.

म्हणून चिंता करायचीच असेल तर ती भाडे नियमित देणाऱ्या कुटुंबाची नव्हे, तर वर्षानुवर्षे पाहायलाही न गेलेल्या मोकळ्या भूखंडाची, शेजाऱ्याने बांध सरकवून आत घेतलेल्या पट्ट्याची आणि कोणत्याही नात्याशिवाय आत शिरून कुंपण घालून बसलेल्या माणसाची करावी. गावी जमीन कसणाऱ्या भावाचा ताबा सर्व सहमालकांच्या वतीने असतो, त्यामुळे इतरांना उघडपणे हक्क नाकारून बाहेर काढल्याशिवाय तो विरुद्ध ठरत नाही; पण त्याने तसे नाकारले असेल तर ती तारीख लिहून ठेवावी. सातबाऱ्यावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नये, कारण ती महसुली नोंद आहे आणि ताबा कोणाकडे आहे हा वेगळा प्रश्न आहे. जागेवर जाऊन पाहावे, मोजणी करून घ्यावी, आणि अतिक्रमण दिसले तर केवळ वकिलाची नोटीस पाठवून थांबू नये. नोटिशीने मुदत थांबत नाही, त्यासाठी १२ वर्षांच्या आत ताब्याचा दावाच दाखल करावा लागतो.