गुहागरचं 'शार्कचं अंडं' आणि फॉरवर्डमधले दावे

सगळ्या ग्रुपवर तो फॉरवर्ड फिरतोय, गुहागरच्या किनाऱ्यावर 20 कोटी वर्षांपूर्वीचं दगड झालेलं शार्कचं अंडं सापडलं म्हणून. सोबत दोन फोटो, एक पांढऱ्या रेघांचा काळा लांबट गोटा आणि एक चार शिंगांची काळी पिशवी. निम्म्या लोकांनी "अभिमान आहे कोकणी असल्याचा" असं लिहून पुढे ढकललाय. तर एकेक दावा घेऊया.

"20 कोटी वर्षं जुनं." अहो, गुहागरचा काळा कातळ म्हणजे थंड झालेला लाव्हा, वय साधारण 6.6 कोटी वर्षं, आणि त्याच्या डोक्यावर जांभा. त्या कातळातून फुटलेला गोटा कातळापेक्षा तिप्पट म्हातारा कसा असेल? मालवणकडे जुने खडक आहेत, पण ते मासा हा प्रकार यायच्या कितीतरी आधीचे, म्हणजे तिथेही जमत नाही. आता लाव्हाच्या मुलखात जीवाश्म नसतातच असं मात्र नाही हां, दोन थरांच्या मध्ये तळ्यांचा गाळ अडकलेला असतो आणि मुंबईत वरळीला अशाच गाळात बेडूक सापडलेत. पण गाळात, लाव्हात नाही.

"अंड्याचा आकार आणि अंगावरच्या रेघा हाच पुरावा." खरी गंमत इथे आहे. शार्कचं अंडं कोंबडीच्या अंड्यासारखं टणक कवचाचं नसतंच, ती कोलॅजन या प्रथिनाची चिवट पिशवी असते, म्हणजे कुजणारी, म्हणून तिचे जीवाश्म दुर्मीळ आणि जे मिळतात ते बहुतेक गाळाखाली दबून चपटे झालेले. त्यातला सगळ्यात ओळखीचा प्रकार पॅलिऑक्सिरिस. हायबोडोंट नावाच्या, आता नामशेष झालेल्या शार्कांची ही पिशवी. एका टोकाला चोच, मधे फुगीर अंग, दुसऱ्या टोकाला देठ, आणि अंगाभोवती करंजीच्या मुरडीसारख्या पिळदार पट्ट्या. दबल्यावर पुढच्या आणि मागच्या पट्ट्या एकमेकींवर उमटतात, म्हणून दगडावर शंकरपाळी नक्षी दिसते. हे सगळं एकत्र दिसलं तर बोलायचं, नुसत्या रेघांवर नाही. अमेरिकेत इलिनॉयच्या मेझन क्रीकला लोहयुक्त गोळे फोडले की आत हे निघतात, वय 30 कोटींच्या आसपास. आणि फसायला सोपं किती बघा, 1828 मध्ये ब्रोन्यार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं याला चक्क वनस्पती म्हणून नाव दिलं होतं! किर्गिझस्तानात मॅडिजेनला तर अशा पिशव्या आणि शार्कच्या पिल्लांचे बारीक दात एकाच जुन्या तळ्याच्या गाळात मिळाले, पुरावा म्हणतात तो असा.

मग फोटोतला गोटा काय? लाव्हात वायूचे बुडबुडे अडकतात, त्या पोकळ्यांत आणि भेगांत नंतर झिओलाइट, कॅल्साइट, गारगोटी अशी खनिजं भरतात, लाटांनी घासून गोटा गुळगुळीत होतो आणि पांढऱ्या रेघा उठून दिसतात. फोटोवरून तरी मला तेच वाटतंय, पीळ कुठेच नाही, चोच नाही, देठ नाही. आणि पिळाचं काही सापडलंच तर आधी शंख आठवा, करळ म्हणतात त्या वाळू-शिंपल्यांच्या दगडात ते भरपूर असतात आणि करळ काही हजार वर्षांचा, कोटींचा नाही.

"दुसऱ्या फोटोतही तेच अंडं." ती पिशवी जीवाश्मच नाही, पाकट या चपट्या माशाच्या नात्यातल्या स्केट माशाची वाळलेली ताजी पिशवी आहे, युरोपच्या किनाऱ्यांवर ढिगानं मिळते. एका पोस्टमध्ये दगड आणि चामडं दोन्ही एकच वस्तू?

"आपली मुशी आजही इथेच अशी अंडी घालते." हे लिहिणाऱ्यानं मुशी कधी साफ केलेली दिसत नाही. मुशी म्हणजे शार्कच, आणि बाजारात येते ती छोटी मुशी, मालवणीत मोरी, थेट पिल्लं घालते, मादी कापली की पोटात पिल्लं निघतात, कुठल्याही मावशीला विचारा. पाकटाचंही तेच. आपल्या समुद्रात अंडी घालणाऱ्यांपैकी एक म्हणजे बांबू शार्क, पण त्यांची पिशवी तपकिरी, चपटी, अंडाकृती, शिंगं नाहीत.

"परदेशात किंमत 50 लाख." कोण देतंय ते फॉरवर्डमध्ये नाही. खरा घेणारा असला तर आधी विचारेल कुठल्या खडकातून, कुठल्या थरातून निघालं, आणि नेमकं तेच कुणी लिहिलेलं नाही.