एमएस ‘स्वभावामुळे’ होतो? त्या फॉरवर्डला उत्तर

सोसायटीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत सध्या एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, फार विचार करणाऱ्या, मनात साठवून ठेवणाऱ्या माणसांना होतो, थकवा, मुंग्या, अंधुक दिसणं हे मनाचे खेळ, स्वभाव बदला, औषधं आपोआप सुटतील. माझ्या धाकट्या बहिणीला एमएस आहे. नातेवाइकांनी तिलाही तो आवर्जून पाठवला, म्हणून हे लिहितोय.

‘ठरावीक स्वभावाच्या लोकांनाच होतो’. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. त्याचे डाग एमआरआयवर दिसतात. २०२२ मध्ये अमेरिकी सैन्यातल्या एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एमएसचा धोका सुमारे ३२ पट वाढलेला त्यात आढळला. हा विषाणू बहुतेक सगळ्यांनाच कधी ना कधी गाठतो, म्हणजे तो एकटा पुरेसा नाही. जनुकं, ड जीवनसत्त्वाची कमतरता, धूम्रपान यांचाही हात असतो. मनात साठवणारी माणसं तर आपल्याकडे घरटी एक सापडेल. मग हा आजार इतका विरळ कसा?

‘मनाचे खेळ’ हे ऐकलं की मात्र डोकं फिरतं. एमआरआय येण्याआधी एमएसच्या कितीतरी बायकांवर ‘हिस्टेरिया’चा शिक्का बसला, तेच हे. न्यूरॉलॉजिस्ट तळपायावर टाचेकडून बोटांकडे टोकदार वस्तू ओढतात. मोठ्या माणसाचा अंगठा खाली वळायला हवा. मज्जारज्जूत बिघाड असेल तर तो वर उचलला जातो, माणूस रडका असो की हसरा. उन्हाचंही तसंच. एप्रिलच्या दुपारी नाशिकात द्वारका ते अंबड स्कूटरवर गेली की बहिणीच्या एका डोळ्यापुढे धूसर पडदा येतो. मानेवर ओला टॉवेल घेऊन कूलरपुढे बसली की थोड्या वेळाने दिसायला लागतं. ऑफिसात यालाच ‘नाटकं’ म्हणतात. इजा झालेल्या नसेतून तापमान जरा वाढलं तरी संदेश नीट जात नाहीत. उथॉफ नावाच्या जर्मन डॉक्टरने श्रमानंतर असं तात्पुरतं अंधुक दिसणं १८९० मध्येच नोंदवून ठेवलंय.

आता या मेसेजला जिथून जोर मिळतो त्या गोष्टीकडे येऊ. स्वभाव आणि लक्षणं यांचा संबंध संशोधनात खरोखरच दिसतो. चिंता करण्याकडे, पटकन खचण्याकडे कल असलेले रुग्ण थकवा आणि उदासी जास्त सांगतात. पण यातले बरेचसे अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय ते त्यातून कळत नाही. आणि उलटी दिशाही असतेच. मेंदूच्या पुढच्या भागाला इजा झाली तर माणूस चिडका होतो, किंवा कशातच रस घेईनासा होतो. काहींना तर दुःख नसताना रडू फुटतं, गंमत वाटत नसताना हसू फुटतं आणि आवरता आवरत नाही. घरचे म्हणतात, ‘हिचा स्वभावच बदलला.’ बरोबर, पण तो आजाराने बदलला. शिवाय उद्या पाय चालेल की नाही हे माहीत नसलेल्या माणसाला काळजी वाटली, तर त्यात स्वभावदोष कुठला? काळजी किंवा उदासी जास्त असेल तर समुपदेशनाने, औषधाने तिच्यावर उपचार होतात, थकव्याचं ओझंही थोडं हलकं होऊ शकतं. डाग पुसले जात नाहीत.

‘टेन्शनने अटॅक येतो’. यात थोडं तथ्य आहे. २००४ मध्ये १४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा आयुष्यातल्या ताणाच्या घटना आणि रिलॅप्स, म्हणजे एमएसचा पुन्हा येणारा झटका, यांचा संबंध दिसला. पण घरातला मृत्यू किंवा गेलेली नोकरी या घटना आहेत, स्वभाव नव्हे.

शेवटची ओळ सगळ्यात घातक: ‘दोन महिने गोळ्या बंद करून बघा.’ फिंगोलिमोड किंवा नटालिझुमॅबसारखं औषध मनाने थांबवलं तर आजार आधीपेक्षा जोरात उसळू शकतो, आणि त्यात गेलेली ताकद परत येईलच असं नाही. औषध बदलायचं किंवा थांबवायचं ते न्यूरॉलॉजिस्टशी बोलूनच, तपासण्या करून. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकललाय त्यांनी त्याच ग्रुपवर निदान एवढं तरी लिहावं: गोळ्यांबद्दलची ती ओळ चुकीची आहे, कुणी औषध बंद केलं असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा.