‘वरची शेती जशीच्या तशी राहते’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

नागपूर जिल्ह्यातल्या गावागावांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. आमच्या बचत गटाच्या ग्रुपवरही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘भूमिगत कोळसा खाणीनं वरच्या शेतीला काही होत नाही. घरटी एक नोकरी मिळते. विरोध करणारे बाहेरचे आहेत, त्यांना परदेशातून पैसा येतो. स्वतः मात्र कोळशाचीच वीज वापरतात. जनसुनावणीत कितीही ओरडलं तरी काही होत नाही, म्हणून जाऊच नका.’ (जनसुनावणी म्हणजे खाणीला पर्यावरण मंजुरी देण्याआधी लोकांच्या हरकती ऐकायची सरकारी बैठक.)

माझं माहेर वणीकडचं, सासर कळमेश्वरकडचं. एकीकडे कोळसा काढून झालेला मुलूख, दुसरीकडे कोळसा निघणार म्हणून धास्तावलेला. त्यामुळे हा मेसेज वाचून गप्प बसणं मला जमलं नाही. एकेक मुद्दा घेते.

‘भूमिगत खाणीनं वरच्या शेतीला काही होत नाही.’ सगळा मेसेज याच वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा जास्त वेळ घेते. उघड्या खाणीत होतं तसं वरची माती उकरून गावाशेजारी डोंगर रचणं इथे नसतं, हे खरं आहे. पण कोळशापर्यंत पोचायचं आणि तिथे माणसं उतरवायची तर आधी पाणी उपसावं लागतं. खाण म्हणजे शिवारातल्या सगळ्या विहिरींहून खोल गेलेली एक विहीर, आणि तिच्यावरची मोटर वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालूच असते. नागपूर भागात कोळशाच्या वर कामठी वालुकाश्माचा थर आहे. पाणी धरून ठेवणारा थर तोच. खालून उपसा सुरू झाला की वरच्या विहिरींचं पाणी कुठल्या बाजूला ओढलं जाईल, हे समजायला भूगर्भशास्त्राची पदवी लागत नाही. वणीकडच्या कुठल्याही खाणीशेजारच्या गावात जाऊन विहिरींबद्दल विचारा. आधी किती हातावर पाणी होतं आणि आता किती खाली गेलं, हे तिथली म्हातारी माणसं सांगतील.

आणि हा पट्टा संत्र्याचा आहे. संत्र्याचं कलम लावलं की खऱ्या अर्थानं फळावर यायला चार-पाच वर्षं जातात. आंबिया बहार (हिवाळ्याच्या शेवटी येणारा फुलोरा) धरायचा तर ताण, म्हणजे मुद्दाम बंद ठेवलेलं पाणी, तोडल्यावर उन्हाळाभर झाडाला पाणी द्यावं लागतं, नेमकं त्याच दिवसांत जेव्हा विहिरी तळ गाठतात. सोयाबीन एक साल बुडालं तर पुढच्या साली पुन्हा पेरता येतं. दहा वर्षांची बाग वाळली तर दहा वर्षं गेली. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शीकडे बोअर किती खोल न्यावे लागले ते सगळ्यांनी पाहिलं आहे. ज्या भागात आधीच इंच-इंच पाण्यासाठी झगडा आहे, तिथे ‘काही होत नाही’ हे कुणाच्या जिवावर म्हणायचं?

पाण्यानंतर जमीन. भूमिगत खाणीत छत तोलायला कोळशाचेच खांब सोडलेले असतात. पुढे ते खांबही काढायचे झाले तर एक तर पोकळीत वाळू भरावी लागते, नाही तर छत खाली बसू द्यावं लागतं. छत बसलं की वरच्या वावरातही खळगे आणि भेगा पडतात. पावसाचं पाणी त्या भेगांतून खाली निघून जातं, धुरे सरकतात, ट्रॅक्टर घालायची भीती वाटते. 26 ऑगस्ट 2022 ला चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये एक राहतं घर जमिनीत गडप झालं. माणसं वेळेत बाहेर पळाली म्हणून वाचली. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत खाण होती, आणि आजूबाजूच्या कुटुंबांनाही घरं सोडून निघावं लागलं. खाण बंद झाली तरी जमिनीखालची पोकळी राहतेच, हे घुग्घुसनं दाखवलं.

यावर ‘आता तंत्र सुधारलंय’ असं उत्तर येतं. सुधारलं असेल. मग पोकळी कशानं भरणार, ती वाळू कुठल्या नदीतून येणार, खाण बंद झाल्यावर जमीन खचली तर भरपाई कोण देणार आणि किती वर्षांपर्यंत, हे गावाला मराठीत लिहून द्या. लोक एवढंच मागत आहेत.

‘घरटी एक नोकरी.’ इथे मेसेज स्वतःच स्वतःला खोडतो. पहिल्या ओळीत म्हणतो जमीन जात नाही, दुसऱ्या ओळीत म्हणतो नोकरी मिळते. पण आपल्याकडे खाणीची नोकरी मिळते ती जमिनीच्या बदल्यात. इथली सरकारी कोळसा कंपनी वेकोलि (वेस्टर्न कोलफील्ड्स) ज्या कोल इंडियाचा भाग आहे, तिच्या 2012 च्या पुनर्वसन धोरणात 2 एकरांमागे एक नोकरी असा हिशेब आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यातही नोकरी, किंवा एकरकमी 5 लाख, किंवा 20 वर्षं दरमहा 2,000 रुपये असा पर्याय आहे, तोही बाधित ठरलेल्या कुटुंबालाच. भूमिगत खाणीत कंपनी जमीन घेते ती खाणीच्या तोंडापुरती, रस्त्यापुरती, ऑफिसपुरती. बाकी हजारो एकरांचा सातबारा तुमच्याच नावावर राहतो. म्हणजे विहीर आटली तरी कागदोपत्री तुम्ही प्रकल्पग्रस्त नाही, आणि प्रकल्पग्रस्त नाही म्हणून नोकरीही नाही, भरपाईही नाही. उघड्या खाणीतल्या शेतकऱ्याच्या हाती भांडून का होईना काही पडतं. भूमिगत खाणीच्या वर राहणाऱ्याच्या हाती तेही पडत नाही. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत अन्यायाची गोष्ट हीच वाटते, आणि तिच्यावर कुणी बोलत नाही.

ज्यांच्या नावावर वावरच नाही त्यांचं तर नावच निघत नाही. निंदायला, कापूस वेचायला, संत्रा तोडायला जाणाऱ्या बायांचा रोज (मजुरी) बागेवर चालतो. बाग गेली की त्यांचा रोज गेला, आणि तो कुठल्याही यादीत येत नाही.

राहिली एकूण नोकऱ्यांची गोष्ट. 2003 च्या आसपास कोल इंडिया सुमारे 29 कोटी टन कोळसा काढत होती आणि तिच्याकडे पाच लाखांच्या घरात कामगार होते. 2023-24 मध्ये कोळसा 77 कोटी टनांवर गेला आणि कामगार सव्वादोन लाखांच्या आसपास उरले. कोळसा अडीच पटीहून जास्त झाला, नोकऱ्या निम्म्याहून कमी झाल्या. बाकीचं काम ठेकेदाराकडे. खाणपट्ट्यातला पोरगा आज ठेकेदाराच्या हायवा डंपरवर ड्रायव्हर किंवा गेटवर गार्ड म्हणून लागतो, आणि ठेका बदलला की घरी येतो.

‘बाहेरचे लोक, परदेशी पैसा.’ 13 जुलै 2023 ला कळमेश्वर तालुक्यातल्या गोंडखैरी भूमिगत खाणीची जनसुनावणी झाली तेव्हा विरोधात उभे राहिले ते त्याच परिसरातले शेतकरी आणि गावकरी. ताडोबाजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध 2009 मध्ये उपोषणाला बसलेले बंडू धोतरे चंद्रपूरचेच. हा आरोप नवीनही नाही. मध्य प्रदेशातल्या महानच्या जंगलात कोळसा खाणीविरुद्ध गावकऱ्यांसोबत काम करणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेच्या प्रिया पिल्लई यांना 11 जानेवारी 2015 ला दिल्ली विमानतळावर विमानात चढू दिलं नाही. दोनच महिन्यांत दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांना देशाबाहेर जाण्यापासून अडवणारी लुकआउट नोटीस रद्द केली. ज्याची विहीर आहे त्याला ‘तुला कुणी शिकवलं’ असं विचारणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

‘वीज तर वापरता ना?’ वापरतो. बिलही भरतो. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र 2,920 मेगावॅटचं आहे, कोराडी आणि खापरखेडा आमच्या उशाला आहेत, आणि इथली वीज राज्यभर जाते. त्याच विदर्भातला शेतकरी रात्रीच्या पाळीची लाईन आली की बॅटरी घेऊन ओलिताला जातो, साप-विंचवाच्या भीतीत बारे फोडतो. दिवसा वीज मिळावी म्हणून सरकारनंच सौर कृषी वाहिनी योजना आणली, म्हणजे दुसरा मार्ग आहे हे सरकारलाही मान्य आहे. आणि धूर-राखेचा वाटा आम्ही आधीच उचललेला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं 2009 मध्ये औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर 83.88 गुणांनी देशातल्या सर्वांत प्रदूषित पट्ट्यांत चौथं होतं.

‘जनसुनावणीत जाऊन काही होत नाही.’ मेसेज ज्यासाठी लिहिला गेला ते वाक्य हेच, असं मला वाटतं. लोहाऱ्याची खाण लोकांच्या विरोधानंतर झाली नाही. ताडोबाच्या वाघांच्या वाटेवरचा बंदर कोळसा ब्लॉक 2020 च्या लिलावाच्या यादीत होता, विरोध झाल्यावर तो वगळावा लागला. पारशिवनी तालुक्यातल्या नांदगावात वीज केंद्राची राख टाकली जात होती, गावकरी मागे लागले आणि 2022 मध्ये ती थांबवावी लागली. प्रत्येक ठिकाणी असं होतं असं मी म्हणत नाही. सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. बहुमत विरोधात गेलं म्हणून खाण आपोआप रद्द होत नाही. पण केंद्राच्या 2006 च्या पर्यावरण परिणाम मूल्यांकन अधिसूचनेप्रमाणे तिथे आलेल्या पर्यावरणाबद्दलच्या महत्त्वाच्या हरकतींना कंपनीला अंतिम पर्यावरण अहवालात उत्तर द्यावं लागतं. पुढे कोर्टात किंवा हरित लवादाकडे जायची वेळ आली तर तुमच्या हातात तोच कागद असतो.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. जनसुनावणीला कोरम लागत नाही. पाच माणसं आली तरी ती झाली असं धरलं जातं. तुम्ही घरी बसलात तर ती थांबत नाही, फक्त तुमची हरकत त्यात नसते.

म्हणून सुनावणीची सूचना निघाली की 30 दिवस हातात असतात, ते वाया घालवू नका. पर्यावरण अहवालाच्या मसुद्याची प्रत ग्रामपंचायतीत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बघायला मिळते, मराठी सारांशही असतो. त्यात आपल्या गावातल्या विहिरी आणि बोअर मोजले आहेत का ते आधी पाहा, नसतील तर गावानंच यादी करा: कुणाची विहीर, किती खोल, मे महिन्यात पाणी किती. हरकत सुनावणीच्या आधीही लेखी देता येते, तिची पोच घ्या. बायांनी स्वतःच्या नावानं वेगळी हरकत द्यावी, नवऱ्याच्या अर्जावर सही करून थांबू नये. आणि सुनावणी संपली म्हणून उठून जाऊ नका. झालेल्या कामकाजाचा सारांश शेवटी सगळ्यांसमोर मराठीत वाचून दाखवावा लागतो. आपला मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच उभं राहून लिहून घ्यायला लावा.